चावी कोणी दिली?

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. हा आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातला आहे. हिशेब केला तर तासाला एकोणीस. त्यांतले १५,२२४ मृत्यू आपल्या महाराष्ट्रात झाले. देशभरात मेलेल्या दर तिघांपैकी दोघे १८ ते ४५ या वयातले होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवतही नव्हते, नुसते मागे बसले होते.

या अहवालात मेलेल्याचा धर्म लिहिलेला नसतो आणि तो लिहिण्याची गरजही नाही. तरीही हा विषय मी आपल्या वाचकांसमोर मुद्दाम ठेवतो आहे. शिक्षण, नोकऱ्या, तलाक, मतदारयादी यांवर आपल्या बैठका होतात, निवेदने जातात, रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. मोहल्ल्यातला एखादा मुलगा गाडीवरून पडून गेला, तर मात्र आपण जनाजा उचलतो, तीन दिवस त्या घरी जाऊन बसतो, ‘अल्लाह की मर्जी’ म्हणतो आणि चौथ्या दिवशी त्याच वयाच्या आपल्या मुलाला दही आणायला गाडी देतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या कामात एखादी यंत्रणा रात्री बंद पडली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिथे ‘चूक कोणाची’ हा पहिला प्रश्न नसतो. माणूस चुकणार हे धरूनच चालायचे असते. त्याच्या एका चुकीने सगळे कोसळेल अशी व्यवस्था आपण का ठेवली, हे शोधायचे असते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये हाच विचार रस्त्यांना लावला. रस्त्यावर माणूस चुकेल, पण त्या चुकीची किंमत जीव असता कामा नये, अशी त्यांच्या ‘व्हिजन झीरो’ धोरणाची मांडणी आहे. मग वेगमर्यादा, रस्त्याची रचना, गाडी, कायदा, घर या प्रत्येकावर जबाबदारी येते.

सोळा वर्षांचा मुलगा स्कूटरवरून पडतो, तेव्हा आपण त्याचा वेग विचारतो. त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारत नाही. चावी कोणी दिली?

भाषणाने काय होते?

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. कॉलेजात शपथ होते, चित्रकला स्पर्धा होते, मोटारसायकलींची रॅली निघते. या सगळ्यामागे चांगला हेतू असतो. पण उपदेशाने किंवा वर्ग घेऊन अपघात कमी होतात का, हे जगात तपासून झाले आहे. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २००१ मध्ये शाळांतल्या ड्रायव्हिंग शिक्षणावरचे अभ्यास एकत्र पाहिले. अपघात घटल्याचा पुरावा त्यांत सापडला नाही. मुले लवकर लायसन काढून लवकर रस्त्यावर येऊ लागली, एवढा फरक मात्र दिसला. आधीच लायसन असलेल्या मोठ्या माणसांच्या प्रशिक्षणाबद्दलही पुढे असाच निष्कर्ष निघाला. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचे प्रशिक्षण नव्या चालकांना सक्तीचे केले, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात वाढले. ‘मला जमते’ हा विश्वास हातातल्या कौशल्यापेक्षा वेगाने वाढतो.

मग उपयोग कशाचा होतो? न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकाला आधी शिकाऊ, मग मर्यादित आणि शेवटी पूर्ण लायसन मिळते. मर्यादित काळात रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत एकट्याने गाडी चालवायची नाही आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर मित्रांना बसवायचे नाही. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या राज्यांनी असेच नियम केले आणि तिथे तरुण चालकांचे अपघात घटले. मुलगा आठ महिन्यांत शहाणा झाला म्हणून हे घडले नाही. तो नवखा असताना त्याला सर्वांत धोक्याच्या दोन गोष्टींपासून, रात्र आणि सोबतचे मित्र यांच्यापासून, लांब ठेवले गेले. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा चालवत असेल तर गाडीत जितके समवयस्क वाढतात तितका मृत्यूचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत स्पष्ट दिसले आहे.

आपल्याकडे शिकाऊ लायसन आहे, पण ते अनेकांच्या लेखी नुसता कागद असतो. त्या लायसनवर दुचाकीच्या मागे मित्राला बसवता येत नाही, हा नियम किती जणांना ठाऊक आहे? सरकार टप्पे आणील तेव्हा आणील. घरात टप्पे लावायला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून मोहल्ल्यात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम करायचा असेल, तर तो मुलांच्या आधी मोठ्यांसाठी करावा असे माझे म्हणणे आहे.

पहिली बैठक आईवडिलांची

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याला जामिनासाठी ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी आली आणि महाराष्ट्र संतापला. ते संदेश आपणही पुढे पाठवले. तो संताप योग्यच होता. पण सतराव्या वर्षी हातात चावी देण्याचा जो प्रकार तिथे कोट्यवधींच्या गाडीत झाला, तोच आपल्या गल्लीत रोज सेकंडहँड स्कूटरवर होतो. क्लासला जायला, अम्मीला बाजारात सोडायला, धाकट्याला मदरशातून आणायला. कारण नेहमी घरगुती आणि अंतर नेहमी ‘इथल्या इथे’.

बैठकीत पालकांना चार गोष्टी सरळ सांगाव्यात. पहिली : सोळाव्या वर्षी जे लायसन मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. घराघरात उभी असलेली अॅक्टिव्हा जवळपास ११० सीसीची आहे. म्हणजे अठरा पूर्ण होण्याआधी ती चालवणे बेकायदाच. ‘बिनगिअरची आहे, चालते’ हा गैरसमज आहे.

दुसरी : २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. मुलाने गाडी नेली ती पालकांच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे सिद्ध करणे पालकांवर येते. ज्या मुलाला उद्या ड्रायव्हर, सेल्समन किंवा डिलिव्हरीचे काम मिळू शकते, त्याची सात-आठ वर्षे एका संध्याकाळी जातात.

तिसरी : विमा. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालकासाठी १५ लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, त्यालाही वैध लायसनची अट आहे. यंत्रमागावर किंवा फळांच्या गाडीवर चालणारे घर अशा एका वसुलीत उठू शकत नाही.

चौथी गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे. मुलगा ऐकून शिकत नाही, बघून शिकतो. अब्बू स्वतः हँडलजवळ एकाला आणि मागे दोघांना बसवून, उघड्या डोक्याने जुम्याला निघत असतील, तर इमामसाहेबांच्या खुतब्यातल्या चार वाक्यांनी काय होणार? टोपी घातली की हेल्मेट लागत नाही, असे समजणारे लोक आपल्यात अजून आहेत. कायद्याच्या कलम १२९ मध्ये सूट आहे ती फक्त पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. टोपी खिशात ठेवता येते. हेल्मेट आणि हिजाबही एकत्र घालता येतात. ज्या मुली रोज कॉलेजला गाडीवर जातात त्यांना विचारा.

या बैठकीला आयांना बोलावले नाही तर निम्मे काम वाया गेले म्हणून समजा. रत्नागिरी-रायगडच्या अनेक कोकणी घरांत अब्बू आखातात असतात. दहावी झाली की तिकडून पैसे येतात, दारात मोटारसायकल येते आणि महामार्ग घरापासून हाकेच्या अंतरावर असतो. मुलाला नाही म्हणण्याचे ओझे एकट्या अम्मीवर पडते. घरात मोठा पुरुष नसल्याने औषध, बँक, बाजार ही सगळी कामेही त्याच मुलावर येतात. इथे मुलाला दटावण्यापेक्षा एक साधा उपाय आहे. अम्मीला, मोठ्या बहिणीला गाडी शिकवा आणि त्यांचे लायसन काढून द्या. घरातल्या प्रौढ बाईच्या हाती गाडी आली की पोराच्या हाती चावी देण्याचे निम्मे बहाणे संपतात. मोहल्ल्यातल्या एखाद्या मैदानावर सकाळी तासभर महिलांसाठी स्कूटरचा वर्ग, हा मला रॅलीपेक्षा मोठा रस्ता सुरक्षा कार्यक्रम वाटतो.

आता तुमच्याशी

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, सगळा बंदोबस्त आमच्याच मागे. म्हणून तुमच्यासाठी थोडे गणित. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर मूल आले, तुम्हाला दिसले, मेंदूने ब्रेक म्हटले आणि बोटांनी ते ऐकले, याला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. वेग ४० वरून ६० केला की तो दीडपट होतो, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते. ६० च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, साधारण चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडणे. गच्चीच्या कठड्यावर तुम्ही उभे राहणार नाही. मग उघड्या डोक्याने ६० वर का जाता?

हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हेही अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेले आकडे आहेत. अट एवढीच की ते आयएसआय शिक्क्याचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. आरशाला लटकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते.

आता एक विषय, जो आपल्या घरात बोलायला आपण कचरतो. शबे-बरातच्या रात्री मुंबईत मोटारसायकलींच्या शर्यती आणि कसरती रोखायला पोलिसांना नाकाबंदी लावावी लागते. दरवर्षी उलेमा आणि समाजातली जाणती माणसे मुलांना आवाहन करतात. इबादतीची रात्र, कबरस्तानात आपल्या माणसांसाठी दुआ मागायची रात्र, आणि त्याच रस्त्यावर एका चाकावर गाडी! असे प्रकार इतर सणांनाही होतात, हे मला माहीत आहे. दुसऱ्याच्या मिरवणुकीचा हिशेब त्यांनी करावा. आपली रात्र आपण सांभाळायची. आवाहनापेक्षा व्यवस्था करणे सोपे असते. त्या रात्री अठराखालच्या मुलांच्या घरातली चावी मगरिबनंतर आईवडिलांजवळ राहील, आणि कबरस्तानापर्यंत जायला जमात एक-दोन बस ठरवील. एवढे मोहल्ला कमिटीला जमण्यासारखे आहे.

‘नाकाबंदीत आपल्यालाच जास्त अडवतात,’ ही तक्रार मी तरुणांकडून वारंवार ऐकतो. ज्याला नाव बघून जास्त प्रश्न विचारले गेले असतील, त्याचा राग मी खोटा ठरवणार नाही. त्या भेदभावाविरुद्ध बोलणे आपले कामच आहे. पण डोक्यावर हेल्मेट, खिशात लायसन आणि गाडीत विम्याचा कागद असलेला मुलगा ती लढाई ताठ मानेने लढू शकतो. तिघे बसून उलट्या दिशेने आलेल्याला ती लढता येत नाही.

रस्त्याचा हक्क

‘रस्ते खड्ड्यांचे, आणि दोष आमच्या पोरांना?’ हा प्रश्न रास्त आहे. दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत. मुंबईचे दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. त्यानंतर त्यांनी स्वतः राडारोडा टाकून शहरातले शेकडो खड्डे बुजवले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून काम केले. धोक्याच्या जागा शोधल्या, कठडे सुधारले, वेगावर नजर ठेवली, जखमींपर्यंत मदत लवकर पोचवली. काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले.

आपल्या मोहल्ल्यातही हे छोट्या प्रमाणात करता येईल. केंद्राच्या व्याख्येनुसार महामार्गाच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. आपल्यातल्या कॉलेजच्या मुलांनी एक वही घालावी. कोणत्या चौकात, किती वाजता, कोण पडले, रस्त्यात दिवा होता का, गतिरोधकावर पट्टे होते का. सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन वॉर्ड ऑफिसला किंवा ग्रामपंचायतीला गेलात, तर ‘इथे फार अपघात होतात’ या वाक्याला वजन येते.

तिसरे काम जखमीला उचलण्याचे. ‘पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल’ ही भीती आपल्याकडे थोडी जास्तच आहे. म्हणून हे पाठ करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ मध्ये कलम १३४ अ ने ते कायद्यात आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. २०२० च्या नियमांत तर धर्म, जात, लिंग यांवरून भेद न करता त्याला सन्मानाने वागवावे, असे स्पष्ट लिहिले आहे. १०८ ला फोन करा. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. ‘पैसे कोण भरणार’ म्हणून नेमलेल्या रुग्णालयाच्या दारात थांबायचे कारण नाही.

राहिला तकदीरचा मुद्दा. ‘मौत जब आनी है तब आएगी’ हे ऐकून मी कंटाळलो आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग मानला आहे. रस्त्यालाही हक्क असतो आणि तो द्यावा लागतो, असे पैगंबरांनी वाटेत बसणाऱ्या आपल्या साथीदारांना बजावले होते. ज्या परंपरेत वाटेतला काटा उचलणे पुण्याचे आहे, तिथे अल्पवयीन मुलाच्या हातात चावी ठेवणे हे वाटेत काटा टाकणेच नाही का?

म्हणून एक छोटी सुरुवात सुचवतो. येत्या महिन्यात कोणत्याही एका शुक्रवारी, इशाच्या नमाजनंतर, मशिदीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये पालकांची तासाभराची बैठक घ्या. ट्रस्टी आणि इमामसाहेबांना आधी भेटा. महिलांसाठी बसायची नीट सोय करा. भाषणे दोनच ठेवा. शेवटी प्रत्येक घराला एक कागद द्या. त्यावर चार ओळी असतील : अठरा पूर्ण होईपर्यंत चावी नाही. लायसन मिळाल्यावर पहिले सहा महिने मागे मित्र नाही, रात्री नऊनंतर गाडी नाही, महामार्ग नाही. हेल्मेट दोघांनाही, रोज. आणि हे नियम अब्बूंनाही लागू. खाली मुलाची सही आणि आईवडिलांची सही. अमेरिकेत पालक आणि मुलांमध्ये असे लेखी करार करून पाहिले आहेत, आणि ज्या घरांत ते झाले तिथे पालकांनी मर्यादा जास्त पाळल्या.

कागद दाराच्या मागे, जिथे चावी टांगता तिथेच लावा. सहा महिन्यांनी पुन्हा जमा आणि एकमेकांना विचारा, किती घरांत तो अजून तिथे आहे.